पळून पोट भरतं का, असं भरतीच्या पोराला कुणी विचारतं का?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. आणि वाचून झाल्यावर खाली हात जोडलेले दोन इमोजी टाकून पुढं जाऊ नका, कारण शेवटी एक काम सांगणार आहे.

विषय आहे आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या आणि सोबत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरापोरींचा. पाण्याचा, रस्त्याचा, द्राक्षाच्या दराचा विषय सोडून हे काय काढलं, असं काही जणांना वाटेल. वाटू द्या. रस्त्यावर मी वर्षाला वीस पोस्टी लिहितो, खड्डे आहेत तिथंच आहेत.

गेल्या महिन्यात युवा महोत्सवाच्या तालमीची बातमी करायला एका कॉलेजात गेलो होतो. बातमी नेहमीचीच. 'विद्यार्थ्यांची जय्यत तयारी', एक फोटो, प्राचार्यांचं एक वाक्य. पण तिथं पेटीवर बसलेली एक मुलगी भेटली आणि बातमी बाजूला राहिली. मग तिच्याशी तीन-चारदा बोलणं झालं, एकदा तिच्या घरीही जाऊन आलो. तिनं आणि तिच्या वडिलांनी लिहायला परवानगी दिली, ती नाव-गाव येणार नाही या अटीवर. तेव्हा कमेंटमध्ये 'ही अमक्याची पोरगी का?' असं विचारू नका. विचारलं तर कमेंट उडवणार.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव आपल्यापासून चौदा किलोमीटर. घरची तीस गुंठे बाग, तीही गेल्या दोन हंगामात अवकाळीनं धुतलेली. गंधर्वची मध्यमा पूर्ण झालीय. विशारदचा फॉर्म दोन सत्रं भरायचा राहिला. एकदा फीचे पैसे औषध फवारणीला गेले आणि एकदा कॉलेजची परीक्षा त्याच आठवड्यात आली.

तिचा दिवस सांगतो. पहाटे पाचला मारुतीच्या देवळात काकडा असेल तेव्हा तिथं पेटी वाजवते, कारण भजनी मंडळात पेटीवाले आजोबा गेल्यापासून दुसरं माणूसच नाही. सात दहाची एसटी. बारापर्यंत लेक्चर. मग अभ्यासिका, तिथं चारपर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. सव्वापाचची एसटी चुकली तर पुढची पावणेआठला, म्हणून ती चुकवायची नाही असा घरचा कायदा. एसटीत कानात इअरफोन, त्यातला एकच चालतो. "मग दुसऱ्या कानानं गाडीतल्या बायकांच्या गप्पा ऐकते," म्हणाली. ऐकते काय? भीमसेनजींचे अभंग ऐकते, किशोरीताई ऐकते, आणि त्याच यादीत मराठी रॅप, साउथची गाणी, परीक्षेच्या आधी डोकं शांत करणारं ते नुसतं वाद्यांचं संगीत, आणि चालू घडामोडींचं रेकॉर्डिंग. आमच्या वयाची माणसं यातलं एक ऐकणाऱ्याला दर्दी आणि दुसरं ऐकणाऱ्याला वाया गेलेला म्हणतात. या पोरांना ती भिंतच नाही. मला तरी हे बरं वाटलं.

तिची एक वही बघितली. दोनशे पानी. एका बाजूनं उघडली की घटनेची कलमं, पंचायत राज, महाराष्ट्रातल्या नद्या. उलटी करून मागून उघडली की बंदिशींचं नोटेशन, खाली पेन्सिलीनं ताना. दोन्ही बाजूंनी लिहीत लिहीत ती वहीच्या मधे येऊन पोहोचलीय, आता दोन्हीला मिळून पंधरा-वीस पानं शिल्लक असतील. मी म्हटलं, नवीन वही घे की. तर म्हणते, "घेणारच आहे काका. पण दोन घ्यायच्या का एकच, तेवढं ठरंना झालंय."

घरचा हिशेब सरळ आहे. पदवी होईपर्यंत काय करायचं ते कर, त्यानंतर एक वर्ष. त्या वर्षात पोस्ट निघाली तर निघाली, नाहीतर स्थळं बघायची. वडील वाईट माणूस नाहीत. पेटी त्यांनीच आणलीय, मिरजेहून, जुनी, स्वतः दुचाकीवर मांडीवर धरून. पण मला म्हणाले, "गाण्यानं पोट भरतंय का सांगा तुम्हीच. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला सगळं ठावं असतंय."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. उत्तर मुलीनंच दिलं, चहाचा कप ठेवता ठेवता. "काका, सकाळी ग्राउंडवर भरतीची पोरं पळत्यात. त्यांना कुणी विचारतंय का, पळून पोट भरतं का म्हणून?"

गेले तीन आठवडे हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते खरं आहे. पोलीस भरतीत मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. सोळाशे मीटर पळायचं, गोळा फेकायचा, शंभर मीटर पळायचं. आपल्या ग्राउंडवर सकाळी बघा, शंभर-सव्वाशे पोरं-पोरी असतात. त्यातली भरती किती होतात? गेल्या दोन-तीन भरत्यांत आपल्या गावातले सत्काराचे बॅनर मीच मोजलेत, हाताच्या बोटांवर मावतात. बाकीची पळतात, वय संपेपर्यंत पळतात, मग दुकान टाकतात, गाडीवर जातात, शेती बघतात. तरी गावानं त्यांना कधी वेड्यात काढलं नाही. ग्राउंडला लाईट लावली, गोळे आणून दिले, एका डॉक्टरनं फुकट तपासणी केली. राज्यसेवेचंही तसंच. खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, आणि तिथवर देणारे आपल्यातच आहेत. अभ्यासिका उभी राहिली, तिला एसीसुद्धा बसला. मी त्या बातम्या मोठ्या करून लावल्या, त्याचा मला अभिमान आहे.

म्हणजे पोट भरेलच याची खात्री नसलेल्या गोष्टीत पोरांनी दहा वर्षं घालायला आपली हरकत नाही. हरकत फक्त गाण्याला. एका गोष्टीला आपण प्रयत्न म्हणतो, दुसरीला नाद.

आणि हे कुठं, तर आपल्या भागात! विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव शाळेत कधीतरी ऐकलेलं असतं. आडनावातच आपल्या शेजारचं पलूस आहे. जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, पुढच्या शिक्षणाचा रस्ता बंद झाला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. नंतर राजाश्रय सोडून बाहेर पडले, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणीही फी भरून यावं आणि शिकावं, अशी शाळा. त्या काळात गाणं म्हणजे एक तर दरबार, नाहीतर बदनामी. या माणसानं त्याला मध्यमवर्गाच्या घरात, बायकामुलींच्या हातात नेऊन दिलं. पुढं मुंबईतलं विद्यालय कर्जात बुडालं, इमारत लिलावात गेली, हेही सांगायला पाहिजे. पोट भरण्याचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. पण ते गेले त्याच साली, १९३१ मध्ये, शिष्यांनी जे मंडळ काढलं, त्याच मंडळाच्या मध्यमेचं सर्टिफिकेट या पोरीच्या ट्रंकेत आहे.

मिरज तर काय, तासाभराच्या अंतरावर. अब्दुल करीम खाँसाहेब तिथलेच होऊन राहिले. मीरासाहेबांच्या उरुसात अजून गाणं होतं. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी 'अभिमानाचा क्षण' म्हणून स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता. शिकलगार मंडळी, शस्त्रांना धार लावणारी घराणी, ती वाद्यांकडं वळली आणि मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून तानपुरे करायला लागली. तो तानपुरा देशभर जातो. आपल्या तालुक्यातल्या एका तरी शाळेत तो आहे का, हे मी फोन करून विचारलं. अकरा शाळा. एका ठिकाणी आहे, तारा नाहीत.

बरं, पोरं शिकतच नाहीत असं नाही. इथं एक मजा आहे. आपल्या गावातले तबल्याचे, पेटीचे क्लास बघा. आठवी-नववीपर्यंत गच्च. शास्त्रीय कलेची परीक्षा दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांसारखेच. म्हणून आया पोरांना ओढत आणतात. दहावीचा निकाल लागला की क्लास रिकामा. एक तबल्याचे सर मला म्हणाले, जूनमध्ये माझ्याकडं तबले परत येतात, पोरं येत नाहीत. सरकारनं गुण दिले ते कला वाढावी म्हणून. आपण त्याचं कूपन केलं, वापरलं आणि फेकून दिलं.

जी थोडी पोरं त्यानंतरही टिकतात, ती कॉलेजात जातात. तिथं वर्षातून एकदा युवा महोत्सव येतो. लोकवाद्यवृंद, समूहगीत, सुगम गायन, लोकनृत्य. मग धावपळ सुरू. वाद्यांचं कपाट उघडतं. कुणीतरी जुना विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून बोलावला जातो. तीन आठवडे रोज चार-चार तास तालीम. पोरांचे चेहरे बघा त्या दिवसांत. ढोलकीवाला, संबळवाला, टाळवाला, एकमेकांकडं बघून सम गाठतात तेव्हा काय दिसतं ते! मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी शब्द कमी पडतात. महोत्सव संपतो. नंबर आला तर पेपरात फोटो. आणि कपाटाला कुलूप. चावी एका सरांकडं, सर नॅकच्या कामात. पुढच्या वर्षीपर्यंत तबल्याची शाई उडालेली, पेटीत झुरळं.

ती मुलगी फेब्रुवारीत सरांकडं गेली होती. दुपारी अर्धा तास पेटी मिळेल का विचारायला. सरांनी प्राचार्यांना अर्ज करायला सांगितलं, प्राचार्यांनी अर्जावर 'सांस्कृतिक विभागाकडे' लिहिलं, आणि सांस्कृतिक विभाग म्हणजे तेच सर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण एकाच कॉलेजचं हे दुखणं असतं तर सोपं होतं.

नियमानं बघायला गेलं तर कागद त्यांच्या विरोधात नाही, उलट बाजूनं आहे. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं. त्यात सहअभ्यासक्रम म्हणून क्रेडिट आहेत. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांच्याच रांगेत ललित आणि प्रयोगजीवी कला बसवल्या आहेत. म्हणजे पेटी वाजवणं आता उनाडक्या राहिलेलं नाही, गुणपत्रिकेत येणारी गोष्ट आहे. प्रत्यक्षात काय चाललंय? बहुतेक ठिकाणी पोरांना विचारलंसुद्धा जात नाही. शिकवायला माणूस नाही म्हणून सोयीचा विषय लावतात, फाईल भरून घेतात, क्रेडिट देऊन टाकतात. शाळेचंही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे, सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक. तुमच्या पोराच्या शाळेत आहे का तो, एकदा पालकसभेत विचारून बघा. मी विचारलं होतं. पुढच्या सभेचा निरोप मला आलाच नाही.

आता पैशाचं बोलू, कारण सगळे शेवटी तिथंच येतात. गावात संगीतासाठी पैसा नाही, हे साफ खोटं आहे. गणपतीत, जयंत्यांना, वरातीला, उद्घाटनांना, वाढदिवसाला, वर्षात किती वेळा या गावात डॉल्बी लागतो? एका मंडळाचा जमाखर्च मी डोळ्यांनी बघितलाय. वर्गणीचा निम्म्याहून जास्त पैसा आवाज आणि लाईटवर. ते बॉक्स बाहेरून येतात, पैसा बाहेर जातो. आणि सकाळी काचा फुटल्याच्या, म्हाताऱ्यांना त्रास झाल्याच्या तक्रारी आपण एकमेकांना सांगतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांपासून आहे. ती किती पाळली जाते, हे सांगायला पत्रकार लागत नाही. पण माझा मुद्दा डेसिबलचा नाही. आपण गाण्यावर खर्च करतो, फक्त तो वाजवणाऱ्या हाताला मिळत नाही. त्याच मिरवणुकीत बेंजोवाल्या पोरांशी मात्र पाचशे रुपयांसाठी आपण अर्धा तास घासाघीस करतो. हलगीवाल्याला तर चहापाण्यात उरकतो.

एखादा म्हणेल, तुम्ही उगाच पोरीला भरीस घालताय. घालत नाही. मी २०२० बघितलंय. लॉकडाऊनमध्ये दोन लग्नसराया बुडाल्या तेव्हा बँडची माणसं, ऑर्केस्ट्रात गाणारी माणसं काय अवस्थेत होती, त्याच्या बातम्या मीच केल्यात. एक उत्तम ट्रम्पेट वाजवणारा माणूस बाजाराच्या दिवशी कोथिंबीर विकत होता. त्यानं ट्रम्पेट विकला नव्हता, पण वाजवतही नव्हता. म्हणाला, ओठ सुटले आता. फुंकवाद्यवाल्याचे ओठ सुटणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. तेव्हा 'स्वप्नांचा पाठलाग करा' असली भाषणं मला जमत नाहीत. ती करणारे पाहुणे मानधन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परततात.

पण धोका सांगायचा तर पूर्ण सांगा, आणि वाटाही पूर्ण सांगा. त्या पोरीच्या वर्गात मी विचारलं, संगीतातून काय काय होता येतं? तीन उत्तरं आली. टीव्हीवरचा शो, यूट्यूब, संगीत शिक्षक. आणि शिक्षकाच्या जागा निघत नाहीत, हेही त्यांनाच ठाऊक. पोलीस भरतीत बँड्समन म्हणून वेगळ्या जागा निघतात, हे रोज भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांनासुद्धा धड माहीत नव्हतं. बँड पथकांच्या वस्तीतली, लहानपणापासून क्लॅरिनेट फुंकणारी पोरं आपल्याकडं आहेत, ती बारावीला नापास झाली म्हणून सेंट्रिंगच्या कामावर जातात. सैन्यालाही बँड असतो, त्याचं प्रशिक्षण पचमढीला होतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडं किंवा संस्थेत आधी पाचेक वर्षं शिकलेलं असावं लागतं. या पोरीचं शिक्षण आठ वर्षांचं आहे. तिच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर ही जाहिरात कधी लागलेली तिला आठवत नाही. सांगलीला आकाशवाणी आहे, ऑडिशन होते, बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते. त्यावर घर चालत नाही, हे खरं. पण श्रेणी असलेल्या माणसाला चार ठिकाणी बोलावणं येतं, आणि क्लासची फी मागताना मान वर राहते.

आपलं सरकारही गमतीचं. कलावंत मानधन योजना आहे, पण ती पन्नाशी ओलांडलेल्यांना. त्या म्हाताऱ्यांना मिळतंय त्यावर माझा आक्षेप नाही, मिळालंच पाहिजे, तेही वेळेवर. पण पंचवीस ते पन्नास ही मधली पंचवीस वर्षं कलावंतानं काय हवा खाऊन काढायची? ती काढली तर मग पुढं मानधन!

यूट्यूबचं थोडं सांगतो, कारण प्रत्येक पोराच्या डोक्यात ते आहे. या मुलीनं एका जुन्या चित्रपटगीताचा व्हिडिओ टाकला होता. नुसती पेटी आणि तिचा आवाज, पाठीमागं द्राक्षाचा मांडव. गावातल्या लोकांनी भरपूर बघितला. दोन दिवसांत कॉपीराइटचा क्लेम आला. ती घाबरली, आता पोलीस येतात का म्हणून दोन रात्री झोपली नाही. घरी कुणाला सांगितलंही नाही. क्लेम म्हणजे गुन्हा नव्हे, त्या व्हिडिओची कमाई हक्कदाराकडं जाते इतकंच, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि कमाई तरी कुठली? जाहिरातीचे पैसे मिळायला हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास पाहणं लागतं. हे तिला तिच्या चुलतभावानं सांगितलं, तोवर तिनं व्हिडिओच काढून टाकला होता.

मग ती म्हणाली, आता अभंगच गाते, संतांवर कुणाचा कॉपीराइट नाही. अर्धं बरोबर आहे. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असेल तर चालीवर आहे. आपल्या कायद्यात हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. याची दुसरी बाजूही आहे. तिनं स्वतः चाल लावली तर तो हक्क तिचा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण मिळालं, कंपनी तो सहज लिहून घेऊ शकत नाही. आपल्याकडं मंडळांची, नेत्यांची, जत्रेची गाणी करणारी पोरं दोन हजार रुपयांत कसलाही कागद न करता चाल देऊन मोकळी होतात. गाणं सगळ्या जिल्ह्यात वाजतं, पोराचं नाव स्क्रीनवर पण नसतं. बी.कॉम.ला कंपनी कायदा शिकवतात. त्यातला एक तास या विषयाला दिला तर काय बिघडेल? मी एका वकील मित्राला विचारलंय, तो फुकट यायला तयार आहे.

एआयचा प्रश्नही तिनंच काढला. "आता मशीनच चाल लावतंय, मशीनच गातंय. मग मी विशारद करून काय करू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बातमीही मशीन लिहायला लागलंय, तिथं मी तिला काय सांगणार? एवढंच म्हटलं, की पहाटे पाचला काकड्याला मशीन येऊन बसेल असं वाटत नाही. ती हसली. "त्याचे पैसे पण मिळत नाहीत ना काका."

बरोबर आहे. मिळत नाहीत. पण मिळू शकतात, आणि हे भावनेचं बोलणं नव्हे. आपल्या तालुक्यात वर्षभरात हरिनाम सप्ताह किती होतात, मोजा. प्रत्येक सप्ताहाला पेटीवाला, पखवाजवाला, चार गायक लागतात. बिदागी ठरलेली असते. माणसं लांबून येतात, कारण जवळ मिळत नाहीत. म्हणजे काम आहे, माणूस नाही, आणि माणूस तयार होतोय तर त्याला बसायला खोली नाही. मुलगी पेटीवर बसली तर कसं दिसेल, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. आता बायका कीर्तनं करतात, गर्दी करून आपण ऐकतो. पेटीवर बसल्या तर काय बिघडतं?

खोलीचं मात्र मी मनावर घेतलंय. गाणं शिकणाऱ्याची पहिली अडचण गुरू नसते, पैसाही नसतो. जागा असते. घरी गायला बसलं तर आजी आजारी, शेजारी कुरकुर. अभ्यासिकेत पान उलटल्याचा आवाज चालत नाही. कॉलेजच्या गच्चीवरून शिपाई हाकलतो. ती मुलगी रियाज कुठं करते माहितीय? बागेत, मोटरच्या खोलीशेजारी, मोटर चालू असताना. मोटरच्या घरघरीत षड्ज धरते. मला वाटलं होतं गंमत करते, पण मी तिथं जाऊन ऐकलंय. मोटरचा सूर अर्धा स्वर चढलेला आहे आणि व्होल्टेज कमी झालं की तोही उतरतो.

म्हणून सांगतो ते काम. नगरपरिषदेची एक जुनी शाळाखोली बाजाराच्या मागं बंद पडून आहे. कौलं ठीक आहेत, लाईट आहे, मी बघून आलो. दुपारी एक ते पाच ती उघडी मिळाली तर सव्वापाचची एसटी पकडणाऱ्या पोरींनाही वापरता येईल. संध्याकाळी सहा ते आठ गावातल्या पोरांना. चावी कुणाकडं ठेवायची, यावरून भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून बाजूच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांशी आधीच बोललोय, त्या तयार आहेत. वीजबिल दोन मंडळांनी वाटून घ्यायचं तोंडी कबूल केलंय. त्यांची नावं लेखी आल्यावर टाकतो, तोंडी शब्दाचा अनुभव तुम्हालाही आहेच.

निवेदन तयार आहे. सोमवारी सकाळी अकराला मुख्याधिकाऱ्यांना द्यायचं. सहीला या, पोरांना घेऊन या, भाषण कुणीही करायचं नाही. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी, तबला, ढोलकी पडून आहे त्यांनी कमेंटमध्ये नुसतं 'आहे' लिहा, मी फोन करतो. पेटीचे भाते फाटलेले असले तरी चालतील, मिरजेला नीट करून मिळतात. आणि जानेवारी सत्राच्या आत कॉलेजनं कपाट उघडलं तर तसंही कळवतो, तेव्हा प्राचार्यांचा फोटो मोठा लावीन, शब्द देतो.

पेटीचा पहिला निरोप काल रात्रीच आला, पोस्ट टाकायच्या आधी. एका निवृत्त बाई शिक्षिकांचा. फक्त एक अट आहे त्यांची, पेटी न्यायला येणाऱ्यानं आधी दारात बसून काहीतरी वाजवून दाखवायचं.